जुन्या गाडीच्या जाहिरातीत परवाना क्रमांक हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर दर रविवारी एक चौकट असते. तिच्या मजकुरात फारसा फरक पडत नाही. ‘जुनी, बंद पडलेली, अपघातग्रस्त किंवा भंगार झालेली, कोणत्याही स्थितीतील चारचाकी व दुचाकी घेतली जाईल, रोख पैसे जागेवर, कागदपत्रे नसली तरी चालतील’, एवढा मजकूर आणि खाली एक मोबाइल क्रमांक. ना दुकानाचे नाव, ना पत्ता. या चौकटीतल्या शेवटच्या तीन-चार शब्दांविषयी मला लिहायचे आहे, कारण अशाच एका जाहिरातीवर विसंबून मी नोव्हेंबर २०२१ मध्ये माझी गाडी विकली आणि ती गाडी आजही माझ्याच नावावर रस्त्याने फिरते आहे.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो. वाहनकर्जाची प्रकरणे तपासायची, आरसी बुकावर बँकेचा बोजा चढला की नाही ते पाहायचे, कर्ज फिटले की फॉर्म ३५ वर सही करून बोजा उतरवून द्यायचा, हे काम मी बावीस वर्षे केले. कोऱ्या कागदावर सही करू नका, असे कर्जदारांना किती वेळा बजावले असेल त्याची गणती नाही. त्याच मी माझ्या अंगणात, जांभळाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या मारुती ८०० च्या बॉनेटवर कागद ठेवून गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर, खरेदीदाराचे नाव, पत्ता व तारखेच्या जागा कोऱ्या असताना, सह्या केल्या. गाडीची नोंदणी २००५ ची, म्हणजे पंधरा वर्षांचे पासिंग २०२० च्या टाळेबंदीतच संपले होते. विमाही त्याच सुमारास संपला होता. बॅटरी उतरलेली, मागच्या सीटच्या फोममध्ये उंदरांनी घर केलेले, चालकाच्या पायाखालचा पत्रा इतका गंजलेला की त्यातून जमीन दिसत होती. अशा गाडीचे कोण काय करणार, असेच घरातल्या सर्वांना वाटले.

जाहिरातीतल्या क्रमांकावर फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेजण पिकअप घेऊन आले. त्यांनी बॉनेट उघडून पाहिले, खाली वाकून सायलेन्सरकडे बराच वेळ निरखले आणि उक्ते सोळा हजार सांगितले. लोखंडाच्या भावाने हिशेब केला तर साडेसहाशे किलोच्या गाडीचे एवढे पैसे होत नव्हते, त्यामुळे मला व्यवहार फायद्याचाच वाटला. सायलेन्सरच्या आधीच्या डब्यात, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात व मोडीचा धंदा करणाऱ्याची नजर आधी तिकडे जाते, हे मला पुष्कळ नंतर समजले. आरसी बुक त्यांनी ‘साहेब, आरटीओत जमा करावं लागतं’ असे सांगून मागून घेतले. पावती मागितली तेव्हा वहीचे पान फाडून त्यावर ‘गाडी भंगारात घेतली’ एवढेच लिहून दिले, खाली वाचता न येणारी सही. पैसे रोख मिळाले. मी रोख मागितली नव्हती, पण दिली तेव्हा बरे वाटले. तेच पैसे त्यांनी मोबाइलवरून पाठवले असते, तर निदान घेणाऱ्याचे नाव तरी आज माझ्या बँकेच्या खातेउताऱ्यात सापडले असते.

मार्च २०२४ मध्ये पहिले इ-चलन आले. सोलापूरच्या बाजूच्या रस्त्यावर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल. कोणीतरी माझा क्रमांक दुसऱ्या गाडीला लावला असावा, असे समजून मी चलनाबरोबरचे छायाचित्र उघडले. गाडी माझीच होती. मागच्या काचेवर माझ्या मुलीने शाळेत असताना चिकटवलेले फुलपाखरू अजून होते, एका पंखाचे. डाव्या बाजूच्या मडगार्डला फाटकाचा लागलेला पोचाही तसाच होता. जी गाडी मोडीत गेली म्हणून मी सोळा हजार मोजून घेतले होते, तिला नवा पत्रा मारून, कुठले तरी दुसरे इंजिन बसवून कोणीतरी चालवत होते. पासिंग नाही, विमा नाही आणि कागदोपत्री मालक मी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ‘मालक’ म्हणजे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो. गाडी कोणाच्या ताब्यात आहे, पैसे कोणी मोजले, नोटरीपुढे काय लिहून घेतले, याला तिसऱ्या माणसाच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात किंमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हे स्पष्ट केले. त्या प्रकरणातली गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात विकली गेली होती, २००९ मध्ये तिच्याखाली सापडून एकाचा जीव गेला, आणि भरपाईची जबाबदारी शेवटी ज्याच्या नावावर नोंदणी राहून गेली होती त्या मूळ मालकावर आली. निकालामागचा विचार योग्यच आहे, कारण अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी कितीजणांच्या हातांतून गेली ते शोधत फिरावे, अशी अपेक्षा कशी करता येईल? परंतु त्याचा अर्थ माझ्यासारख्यांच्या बाबतीत असा होतो की उद्या त्या मारुतीने कोणाला उडवले, तर विमा कंपनी मधे नसल्यामुळे ती रक्कम माझ्याकडून वसूल होऊ शकते. सोळा हजारांच्या व्यवहाराची ही दुसरी बाजू जाहिरातीत कशी येईल?

मी आरटीओत गेलो. तेथील कर्मचाऱ्यांनी सौजन्याने ऐकून घेतले, पण त्यांच्यापुढेही पेच होता. नोंदणी रद्द करायची तर गाडी मोडली गेल्याचा पुरावा हवा, आणि गाडी तर चालू आहे. हस्तांतरण नोंदवायचे तर खरेदीदार हवा, आणि त्याचे नाव मला माहीत नाही. गाडी चोरीला गेली असेही म्हणता येत नाही, कारण मी ती स्वखुशीने दिली आहे. शेवटी एक अर्ज आरटीओत आणि एक पोलीस ठाण्यात देऊन मी परत आलो.

मग मीच शोध घ्यायचा म्हणून शहराबाहेरच्या तीन-चार भंगारवाड्यांत हिंडलो. एका ठिकाणी दरवाजांची उतरंड रचलेली होती, एका बाजूला नुसत्या स्टेअरिंगांचा ढीग, आणि पत्र्याच्या शेडच्या खांबाला तारेत ओवून टांगलेल्या नंबरप्लेटी, आपल्या जिल्ह्याच्या, पुण्याच्या, दोन-तीन कर्नाटकच्याही. एक पोरगा इंजिनाच्या तळाचा नट सोडून ऑइल थेट जमिनीवर सोडत होता. तिथली माती किती वर्षे ते पीत होती कोण जाणे, डांबरासारखी काळी आणि चिकट झाली होती, आणि वीस पावलांवर ओढा. वाड्याच्या मालकाने मला चहा पाजला आणि सरळ सांगितले, ‘काका, गाडी आमच्याकडं येती ती मोकळी व्हायला. कागद कुठं जातात ते आम्ही बघत नाय.’ त्या माणसात मला लबाडी दिसली नाही. गाडी मोकळी करणे हा त्याचा धंदा आहे. आल्टरनेटर, गिअरबॉक्स, रेडिएटर, काचा असे सुटे भाग विकून त्याचे पोट चालते, आणि म्हणूनच तो नुसत्या लोखंडाच्या भावापेक्षा जास्त देऊ शकतो. अडचण एवढीच आहे की कागद आणि गाडी यांची ताटातूट होते. मग मोडलेल्या गाडीचा कागद एखाद्या चोरीच्या गाडीला चिकटवता येतो, किंवा मी अनुभवले तसे, मोडायला दिलेली गाडी न मोडताच पुढे विकता येते.

यावर कायद्यात उपाय नाही असे नाही. किंबहुना माझा व्यवहार होण्याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २०२१ मध्ये, केंद्र सरकारने नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम अमलात आणले होते. अशा केंद्रात गाडी दिली की आधी ती चोरीची नाही ना, तिच्यावर बोजा किंवा थकबाकी नाही ना, हे तपासले जाते. मग मालकाला गाडी जमा केल्याचे ठेव प्रमाणपत्र मिळते, गाडीचा चासी क्रमांक असलेला तुकडा कापून सहा महिने जपून ठेवला जातो, आणि गाडी मोडल्याचे वेगळे प्रमाणपत्र निघून ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीतली नोंदणी रद्द होते. ठेव प्रमाणपत्र दाखवून नवी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होते आणि मोटार वाहन करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात खासगी गाडीसाठी ही सवलत २५ टक्क्यांपर्यंत ठेवण्याची मुभा राज्यांना आहे. नवी गाडी घ्यायची नसेल तर ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येते. ही सोय मला २०२१ मध्ये ठाऊक नव्हती हे कबूल करतो. ठाऊक असती तरी त्या वेळी जवळपास असे केंद्र नव्हते, आणि चालू न होणारी गाडी शंभर-दीडशे किलोमीटर ओढून न्यायची तर मिळणाऱ्या पैशांतला मोठा वाटा टोइंगवाल्यालाच द्यावा लागला असता. केंद्रांची संख्या आता वाढते आहे, पण तालुक्याच्या गावातल्या माणसाला भंगारवाला आजही दारात येऊन भेटतो आणि केंद्र शोधत जावे लागते, हा फरक कायम आहे.

ज्याची गाडी अजून चालण्याजोगी आहे त्याच्यासाठी आणखी एक तरतूद १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि तिच्याविषयी तर गाडी विकणाऱ्या मालकांना जवळजवळ काहीच माहिती नसते. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्याने आरटीओकडून प्राधिकार प्रमाणपत्र घेतले पाहिजे, आणि अशा अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना मालकाने पोर्टलवर नोंदवली की त्या क्षणापासून तो विक्रेता त्या गाडीचा मानीव मालक ठरतो, म्हणजे कायदा त्यालाच मालक मानतो. पुढचा गिऱ्हाईक महिन्याने मिळो की सहा महिन्यांनी, दरम्यानच्या चलनांचा आणि अपघाताचा प्रश्न त्याचा. माझ्यासारख्या मालकाला नेमके हेच संरक्षण हवे होते. पण ते फक्त अधिकृत विक्रेत्याशी व्यवहार केला तरच मिळते, आणि समोरचा अधिकृत आहे की नाही हे ओळखण्याची खूण जाहिरातीत नसते.

जाता जाता एका गैरसमजाविषयी लिहिणे भाग आहे, कारण या धंद्यातले लोक त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतात. ‘पंधरा वर्षं झाली ना, आता सरकार गाडी उचलून नेणार, मिळतंय ते घ्या’ असे मला सांगण्यात आले होते आणि अनेकांना सांगण्यात येते. वयावरून गाडी बाद ठरवण्याचा प्रकार दिल्ली परिसरासाठी झालेल्या आदेशांतून आला आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीला तसा सरसकट नियम नाही. पंधरा वर्षांनंतर गाडी तपासणीत योग्य ठरली, शुल्क आणि पर्यावरण कर भरला, की पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण होते. एप्रिल २०२२ पासून चारचाकीचे हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० आणि दुचाकीचे ३०० वरून १,००० रुपये झाले हे खरे. पुढे वीस वर्षांवरच्या गाड्यांना ते आणखी वाढले. अलीकडे १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाल्यावर आमच्या सोसायटीतल्या दोन वृद्ध गृहस्थांनी केवळ त्या प्लेटच्या कटकटीला कंटाळून धडधाकट स्कूटर भंगारवाल्याच्या हवाली केल्या. प्लेट बसवण्याचा खर्च किती आणि स्कूटर नावावर राहण्याचा धोका किती, हे त्यांना कोणी सांगितले नाही. मी सांगेपर्यंत स्कूटर गेल्या होत्या.

अपघातात किंवा पुरात निकामी झालेल्या गाडीच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल, तर विमा कंपनी गाडी पूर्ण निकामी धरते आणि तिचा सांगाडा बहुतेक वेळा बोली लावून विकला जातो. मालकाला विम्याचे पैसे मिळालेले असतात, त्यामुळे सांगाड्याबरोबर गेलेल्या आरसी बुकाचे पुढे काय होते याची तो चौकशी करत नाही. मुंबईत २००५ च्या २६ जुलैला, सांगली-कोल्हापुरात २०१९ मध्ये, चिपळूणमध्ये जुलै २०२१ मध्ये किती गाड्या छतापर्यंत बुडाल्या ते आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा गाड्या रोखीने स्वस्तात उचलून, धुऊन-सुकवून, गाद्या बदलून, जिथे पुराची आठवण नाही अशा दुसऱ्या जिल्ह्यात विकायला उभ्या करणे फारसे अवघड नाही. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, ते नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसी परत करावी, असे कलम ५५ सांगते. सांगाडा हातचा जाण्याआधी हे केले, तर पुढचे पुष्कळ टळते. गाडी कशीही गेली तरी फास्टॅग बंद करणे, आणि भरपाईचा दावा केलेला नसेल तर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचे, पत्र मागून घेणे या दोन गोष्टीही लोक विसरतात. तो बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो आणि नव्या गाडीच्या विमा हप्त्यातल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर तो ५० टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकतो. भंगाराच्या भावात हजार-पाचशेसाठी घासाघीस करणारे आपण तेवढीच किंवा त्याहून मोठी रक्कम अशी सहज सोडून देतो.

परिवहन विभागाकडे माझे एकच मागणे आहे. कलम ५० प्रमाणे विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यापासून चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते, म्हणजे विक्रेत्याचे कर्तव्य कायद्यानेच वेगळे ठेवले आहे. तेव्हा विक्रेत्याने एकट्याने, खरेदीदाराचे ओळखपत्र जोडून, दिलेली खबर त्याच दिवशी नोंदवून घ्यावी, तिची पोच द्यावी आणि ‘वाहन’ प्रणालीत त्या गाडीसमोर तशी नोंद दिसावी. खरेदीदार पुढची प्रक्रिया करीत नाही म्हणून विक्रेत्याची नोंदही लटकत राहू नये.

आणि दुसरे मागणे, संपादक महोदय, आपल्याकडे आहे. बांधकाम प्रकल्पाची जाहिरात महारेरा क्रमांकाशिवाय छापता येत नाही, आणि त्यामुळे घर घेणारा माणूस आता जाहिरातीत आधी तो क्रमांक शोधतो. ही सवय लागायला फार वर्षे लागली नाहीत. जुन्या गाडीच्या बाबतीत असे बंधन कायद्याने अजून घातले नसेल, तरी आपल्या जाहिरात विभागाला ते स्वतःहून घालता येईल. जो गाड्या विकत घेण्याची जाहिरात देतो त्याने एकतर जुन्या वाहनांच्या विक्रेत्याचा प्राधिकार क्रमांक द्यावा किंवा स्क्रॅपिंग केंद्राचा नोंदणी क्रमांक द्यावा. दोन्ही नसेल तर जाहिरात घेऊ नये. लहान भंगारवाल्यांवर यामुळे अन्याय होईल असे कोणी म्हणेल. त्यांच्या धंद्याला माझा विरोध नाही, त्यांनी एखाद्या नोंदणीकृत केंद्रासाठी गाड्या गोळा कराव्यात आणि जाहिरातीत त्या केंद्राचा क्रमांक छापावा, एवढी वाट त्यांना मोकळी आहे. आणि ‘कागदपत्रे नसली तरी चालतील’ हे शब्द तर कोणाच्याही जाहिरातीत असू नयेत. ज्याला कागदपत्रांशिवाय गाडी चालते, तो ती कोणाकडूनही आणि कुठूनही आलेली असली तरी घेणार, हे त्यात उघड लिहिलेले असते.

आतापर्यंत मला चार चलने आली आहेत. ती मी भरलेली नाहीत, प्रत्येकावर हरकत नोंदवली आहे, आणि आरटीओतला अर्ज व पोलीस ठाण्यातली तक्रार दोन्ही प्रलंबित आहेत. शेवटच्या चलनाच्या छायाचित्रात फुलपाखरू दिसत नाही. मागची काच बदललेली आहे.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा